राजीखुशीचं ताक

"आक्का, तुमचा बाबू तालमीच्या भायेर बसून पहारा द्याय लागला का काय?"

जाईबाईनं हातोडी न थांबवता इचारलं. बाई बोलायची मोठी गोड, पण तिच्या गोडात काटा असतो हे म्या लई वर्षं बघितलं होतं.

"कसला पहारा?"

"न्हाय, आमचा ज्ञानोबा म्हणला. समदी पोरं मातीत, आन बाबू आपला लिंबाखाली. म्हणलं वस्तादानं राखणीला ठिवला का काय."

बाजूच्या बाया खाली मान घालून हसल्या. म्या समोरचा दगड असा फोडला, की कपची जाईबाईच्या लुगड्यावर गेली.

"माझा बाबू कुठं बसतो ते माझं म्या बघीन. तू तुझा ढीग बघ. मुकादम मापाय आला की रडशील."

बहात्तरचं साल होतं ते. आभाळ घासलेल्या परातीसारखं कोरडं लखलखीत. काळ्या रानाला अशा भेगा, की हात घातला तर कोपरापर्यंत जायचा. दुष्काळानं सगळ्या गावाला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसवलं होतं. माळ्याची, मराठ्याची, बौद्धवाड्यातली, बामणाची सुद्धा, समद्यांची बूड एकाच उन्हात भाजत होती. माझी सून सुमन माझ्या शेजारीच बसायची. येडशीच्या ठेसनावरच्या गँगमनची लेक. कामाला वाघीण, बोलायला मुकी. त्या दिवशी एवढ्या उन्हात तिनं पदर दंडावरून घट्ट ओढून घेतला होता. आठ दिवसांमागं तिच्या गालावर निळं उठलं होतं तवा म्हणाली होती, खडी उडाली. कामावर रोज कुणाला ना कुणाला खडी उडायचीच. म्या पुढं इचारलं नाही.

पण बाबू तालमीच्या भायेर का, हे मला टोचत होतं. मालक गेल्यावर ह्या पोराला म्या पैलवान केला. दावणीची गुरं छावणीत गेली, एक म्हैस तेवढी त्याच्या खुराकासाठी धरून ठेवली. दूध सोसायटीला न घालता त्याच्या पोटात घातलं. श्रावणात रामलिंगाच्या जत्रेत तेरखेड्याच्या पैलवानासंगं त्याची जोड लागली होती. त्याच गड्यानं तेरखेड्यात बाबूला एकदा चीत केलं होतं. आता उसनं फेडायचं होतं, आणि पोरगा लिंबाखाली बसतो?

रात्री रेशनच्या लाल मिलोची, त्या अमेरिकेच्या ज्वारीची भाकर ताटात पडली तवा म्या इचारलं.

"वस्ताद तुला मातीत घेत न्हाय म्हणं."

बाबूनं भाकर मोडली. "वस्ताद फितूर झालाय, माय."

"कुनाला?"

"तेरखेड्याच्या लोकान्ला. जत्रा जवळ आली न् मला भायेर बसविलं. मेहनत नसली की म्या पडणारच. दुसरं काय असंल?"

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? कानडी मुलखातून आलेला मानूस. त्याला आपल्या गावाचं काय पडलंय?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. बेइमानी बाहेरून आली म्हणजे घर निर्मळ राहतं. ईरण्णा वस्ताद तसा कुणाच्याच डोळ्यात भरत नव्हता. आल्या आल्या त्यानं बौद्धवाड्यातल्या जाईबाईच्या ज्ञानोबाला मातीत घेतलं, तिच्या हातचं ताकही मातीत घातलं, म्हणून अर्धं गाव त्याच्यावर डूख धरून होतं. उरलेल्या अर्ध्याला दुसरीच शंका. तालमीच्या मातीला ताक, तेल, हळद लागतं, ते एकेका पैलवानाच्या घरून पाळीनं जायचं. ह्या वस्तादानं नेम काढला, की ताक घरच्या बाईनंच दारापर्यंत आणायचं. पोरींना दारात बोलवून हा म्हातारा काय बघतो, असं लोक बोलायचे. म्याही बोलले होते.

चुलीपुढं सुमनचा हात तव्यावर थांबला. म्या बघितलं. मनात आलं, हिला काहीतरी ठावं हाय. वस्तादाचं आन हिचं काय संधान?

दुसऱ्या दिवशी कामावरून आले ती तशीच धुळीच्या पायांनी तालमीकडं गेले. बाया तालमीत जात नाहीत. म्या उंबऱ्याशी उभी राहिले. कोनाड्यात शेंदराचा मारुती, आत पोरं जोर काढत होती. माती इतकी कोरडी पडलेली, की पोरांच्या पाठी सोलून निघाल्या होत्या. बाबू लिंबाखाली नव्हता. म्हणलं बरंच झालं.

"वस्ताद, भायेर या."

म्हातारा आला. दोन्ही कान मोडून कारल्यासारखे झालेले, चालणं मात्र मांजराचं.

"या अव्वा. सावलीला बसा."

"बसाय न्हाय आले. तेरखेड्याचं किती खाल्लं ते सांगा."

पोरांचे जोर थांबले. वस्ताद हसला. "तेरखेड्याचं? तिथल्या फटाक्याच्या कारखान्यांचे आवाज तेवढे खाल्ल्यात, अव्वा. तेबी ह्या मोडक्या कानानं."

"मला हसवू नगा. माझा लेक भायेर का?"

"तुमच्या घरचं ताक आलं न्हाय."

"आलं न्हाय? म्या सोता कळशी भरून दिली!"

"कुनाजवळ?"

"बाबूजवळ. सून म्हणली बरं न्हाय, म्हणून."

"त्येच म्हनतो म्या. पैलवानाच्या हातचं ताक मातीत पडत न्हाय. घरच्या बाईनं आनायचं, आन म्या इचारायचं, राजीखुशीनं आनलं का? व्हय म्हनली तर पोरगा मातीत. न्हाय म्हनली, न्हायतर आलीच न्हाय, तर पोरगा भायेर."

"आन भिऊन खोटं बोलली तर?"

"बोलत्यात. म्हनून म्या तोंडाकडं बघत न्हाय. कळशी धरल्याला हात बघतो."

"बायकांच्या भानगडीत वस्तादाचं काय काम? तुमी डाव शिकवा, जोर काढून घ्या, घरला जावा."

"हातात जोर म्या भरतो, अव्वा. मग त्यो जोर कुठं पडतो ते कुनी बघायचं? ज्यानं शड्डू ठोकला न्हाय त्याच्यासंगं कुस्ती न्हाय, हे पोरान्ला म्या पयल्या दिवशी सांगतो. घरच्या बाईनं कवा शड्डू ठोकला?"

मला राग आला. असं शहाणपण सांगणाऱ्या माणसाच्या घरात डोकवावं, उंदीर सापडतोच.

"तुमची बायको कुठं असती, वस्ताद?"

"लगीन केलं न्हाय. भईन व्हती." तो मारुतीकडं बघत बोलला. "माझ्याच चेल्याला दिली. चांगला पैलवान म्हनून. गळ्याची पकड त्याला म्याच शिकविली व्हती."

एवढं बोलून तो आत गेला. कानडी मुलखातली गोष्ट, खरी का खोटी कोण बघायला गेलंय? पण घरी येताना माझा हात दोनदा गळ्याकडं गेला.

सुमन परसात भांडी घासत होती, राखेनं. पाणी कुठं होतं?

"ताक घेऊन का गेली न्हायस?"

"बरं नव्हतं, आत्याबाई."

"बरं नव्हतं तर दिवसभर खडी कशी फोडलीस?"

तिनं तवा उपडा करून राख चोळली.

"दंड दाखीव."

"खडी उडाली."

म्या पदर बाजूला केला. दंडावर तीन बोटं ओळीनं उठली होती, मागं अंगठा. करंगळीच्या जागी कातडी कोरी. बाबूची करंगळी एका कुस्तीत मोडली होती. म्याच हळद-चुना बांधून बसवली होती, पण ती तवापासून आत वळत नाही. काहीही धरलं तरी ती हवेत राहते. गावात तसा दुसरा हात नाही. आणि खडीला बोटं नसतात.

काखेत कळसा आन गावाला वळसा म्हणतात, ते हे.

"कशापायी?"

"मुकादमानं पानी मागितलं. म्या तांब्या दिला."

"हसलीस का काय त्याच्याकडं बघून?"

सुमननं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "आत्याबाई, त्या उनात कोन हसंल?"

"कवापसनं चाललंय?"

"तेरखेड्याला हारले तवापून. अंगात खुराक न्हाय म्हंत्यात. मग कुनीबी माझ्याकडं बघितलं की त्यांच्या डोळ्यात येतं."

"मला का सांगितलं न्हायस?"

"तुमी लेकाच्या बाजूनं बोलला असता."

"बोललेच असते," म्या म्हणलं. "आन वस्तादाला? त्याला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाय. फकस्त ताक घेऊन गेले न्हाय. गेले असते तर मारुतीसमोर व्हय म्हनावं लागलं असतं."

एवढी मुकी पोरगी. न बोलता तिनं माझा पैलवान भायेर बसवला होता. मला तिचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणाला तिची धास्ती वाटली. धास्ती वाटावी असं माणूस माझ्या घरात आजवर मी एकटीच होते.

बाबूला म्या त्या रात्री काही बोलले नाही. रागानं बोललं की पोरगा बापासारखा तरातरा भायेर जातो, आन परत आला की घरातल्या बाईवर राग काढतो. म्हणलं, सकाळी बघू.

सकाळी दारात जीपच उभी. तात्याराव आले. सोसायटीचे चेरमन, आणि नव्या साखर कारखान्यात त्यांचा मोठा शब्द. ऊस कुठं दिसत नव्हता, पण कारखाना होणार होता.

"वहिनी, ह्यो काय पोरखेळ लावलाय त्या ईरण्णानं? म्या येडशीत शब्द देऊन बसलोय. बाबू तेरखेड्याच्या गड्याला आस्मान दाखविणार. जत्रा झाली की बाबू कारखान्यात वॉचमन. म्या सांगतो, समजा झालंच."

बाबू दाराच्या चौकटीला धरून उभा होता. दुष्काळात नोकरी म्हणजे काय, ते ज्यानं मिलो खाल्ली त्यालाच कळतं.

"मग वस्तादाला सांगा की," म्या म्हणलं.

"सांगितलं. त्यो म्हनतो बाबू न्हाय तर ज्ञानोबा उतरल. आता तुमीच सांगा, रामलिंगाच्या जत्रंत आपल्या गावाचं नाव त्यानं घ्यायचं?" तात्यारावांनी आवाज खाली घेतला. "तोड सोपी हाय. ताक तुमी न्या. तुमी काय घरच्या बाई न्हाय का? मथुराबाईनं मारुतीसमोर व्हय म्हनलं तर कानड्याची काय बिशाद."

जाईबाईचं हसणं माझ्या कानात होतंच. तिचा पोरगा माझ्या पोराच्या जागी जत्रेत शड्डू ठोकणार, हे मला सोसणार नव्हतं. तात्यारावांना ते बरोबर ठावं होतं. पुढारी माणूस, कुणाची दुखरी नस कुठं हे त्याला वैद्यापेक्षा जास्ती कळतं.

"माय, तेवढं कर," बाबू म्हणाला. लई हळू म्हणाला.

सुमन ताक घुसळत होती. म्या म्हणलं, "नेते." रवी थांबली नाही. तीच गोष्ट मला लागली. तिला ठावंच होतं की मी जाणार.

कळशी कमरेवर घेऊन निघाले. मागं बाबू, त्याच्या मागं तात्याराव. वाटेत लोक बाहेर येऊन बघत होते. जाईबाई तिच्या पोराला भाकरी द्यायला आली होती, ती लिंबाखाली उभी राहिली. तालमीत बाबूनं सदरा काढला, लंगोट कसला, मांड्या चोळायला लागला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. कळशीकडं बघत होता.

वस्ताद उंबऱ्यावर आला.

"अव्वा, राजीखुशीनं आनलं का?"

"माझ्या राजीखुशीनं आनलं."

"झालं!" तात्याराव म्हणाले. "वता वस्ताद."

वस्तादानं हात पुढं केला नाही. "घरात आनिक एक बाई हाय."

"अरे, सासू बोलली की सून आली त्याच्यात," तात्याराव म्हणाले. पोरं हसली.

व्हय म्हणायला माझी जीभ उचललीच होती. कुणाला काय कळणार होतं? मारुतीला? मारुती बायांच्या भानगडीत कवा पडला? पण वस्ताद माझ्या हाताकडं बघत होता, आणि कळशी धरलेला माझा हात लटपटत होता. माझा हात. सासूपुढं, सावकारापुढं, कुणापुढं कवा लटपटला नाही तो. ह्या असल्या कामासाठी लटपटावा?

"तिच्या राजीखुशीचं न्हाय," म्या म्हणलं.



"वहिनी, उन लागलं का?" तात्याराव म्हणाले.

"ती आली न्हाय, कारन तिच्या दंडावर माझ्या लेकाचा हात उठलाय. ताक घेऊन मी आले. मी आले म्हणून त्यो हात पुसून निघत न्हाय."

बाबू दोन ढांगांत आला. "माय, येड्यावानी काय बोलतीस? चल घरला!" आणि त्यानं माझा दंड धरला.

मी ओरडले नाही. कळशी कमरेवरून ढळू दिली नाही. दुष्काळात ताक सांडायला मी काय येडी होते?

"धर," म्या म्हणलं. "असाच धर. सोडू नगंस. समद्यान्ला नीट बघू दे. तीन बोटं, एक आंगठा. करंगळी लागत न्हाय, बघा. घरी माझ्या सुनंच्या दंडावर हीच खूण हाय. चेरमनसायब, बघून घ्या तुमचा वॉचमन!"

"सोड," वस्ताद म्हणाला. आवाज चढवला नाही.

बाबूचा हात सुटला. त्यानं आधी माझ्या दंडाकडं बघितलं, मग स्वतःच्या पंजाकडं. आत तेल लावून उभी असलेली पोरं सगळी त्या दंडाकडं बघत होती. एकही हसत नव्हतं. त्यांतली एक-दोन खाली बघायला लागली. म्या ती तोंडं ध्यानात ठेवली.

ताक घेऊन मी घरला आले. मीठ घातलं, तांब्या सुमनपुढं ठेवला.

"पी."

"तालमीचं ताक, आत्याबाई?"

"आता तुझं हाय. पी म्हणलं की."

ती प्याली. मग बोलली, "ते आता मला जित्ती ठिवतील का?"

"आजपासनं तू माझ्या शेजारी निजायचं. त्यो गोठ्यात. माझ्या अंगावरून जाईल त्यो तुझ्यापतुर."

बाबू जत्रा होईपर्यंत मामाच्या गावाला जाऊन बसला. जत्रेत ज्ञानोबा उतरला. त्याची कुस्ती बरोबरीत सुटली. जाईबाईनं गावात गूळ वाटला, माझ्या दारातही आली. तोंड वाकडं करून का होईना, म्या खडा उचलला. कारखान्यातली जागा तात्यारावांच्या भाच्याला गेली. ती आधीपासूनच त्याला ठेवलेली असणार, माझा तरी तसा वहीम हाय.

बाबू परत आला तवा मला वाटलं वस्ताद त्याला हाकलणार. म्याच जाऊन इचारलं.

"हाकलून काय व्हतं, अव्वा? दुसऱ्या तालमीत जाईल. हात त्येच ऱ्हातील."

त्यानं बाबूला खोरं दिलं. कुस्ती नाही, जोड नाही, शड्डू नाही. रोज माती उकरायची, ढेकळं फोडायची, चाळायची, दुसऱ्यांना खेळायला मऊ करून द्यायची. संध्याकाळी वस्ताद सगळ्या पोरांना गोल बसवायचा आणि एकेकाला इचारायचा, "काल हात कुठं व्हता?" पहिल्यांदा पोरं टवाळी करायची. म्हणायची, भाकरीवर व्हता, म्हशीच्या सडाला व्हता. मग त्या दिवशी खाली बघणाऱ्यांतला एक जण रडला म्हणतात. ज्ञानोबानं आईला सांगितलं, आईनं मला. बाबू काय बोलतो ते मात्र जाईबाईनं सांगितलं नाही. एवढी जीभ तिनं कशी आवरली कोण जाणे.

पोरगा सुधारला का, असं लोक मला इचारायचे. म्या म्हणायचे, मला काय ठावं? साप बिळात गेला म्हणजे मेला नव्हं. तो घरात खाली मान घालून जेवायचा, सुमन ताट सरकवायची, मी मधे बसायचे. एकदा त्यानं पाणी मागायला हात पुढं केला आणि सुमन दचकली. त्यानं हात मागं घेतला. स्वतः उठून रांजणातून पाणी घेतलं. म्या दोघांनाही काही बोलले नाही. ढोंगही असू शकतं. आपल्या पोटचं असलं तरी माणूस माणूसच.

एक दिवस तालमीत पाळी आमच्या घराची आली. म्या सुमनला काही म्हणलं नव्हतं. तिनं आपणहून कळशी भरली, पदर खोचला, निघाली. मी मागं मागं गेले, लिंबाच्या आडोशाला थांबले. भरवसा मला कुणाचाच नव्हता. बाबूनं गुपचूप धमकावून पाठवली असली तर?

वस्ताद उंबऱ्यावर आला. "राजीखुशीनं आनलं का, लेकी?"

आत बाबू खोरं धरून उभा होता. गुडघ्यापर्यंत लाल माती.

सुमननं कळशी खाली ठेवली. हात मोकळे केले. "राजीखुशीचं म्हनता येत न्हाय अजून, वस्ताद. माती सुकलीया म्हनून आनलं."

आत पोरं चुळबुळली. बाबू हलला नाही.

"खरं बोललीस, तेवढंबी लई झालं," वस्ताद म्हणाला. कळशी उचलून त्यानं ताक मातीवर धरलं आणि बाबूकडं वळला. "बाबू, खोरं खाली ठिवू नगंस. तुझी पाळी अजून न्हाय."

"व्हय, वस्ताद," बाबू म्हणाला आणि ओली माती वर-खाली करायला लागला.

सुमन माझ्याजवळून जाताना थांबली. म्या लपले होते ते तिला कवाच दिसलं होतं.

"चला आत्याबाई, कामाला उशीर व्हतोय."

"तू हो म्होरं," म्या म्हणलं. "मी जरा बघत बसते त्येच्याकडं."

आणि लिंबाच्या मुळीवर म्या ठाण मांडलं.